तांब्यावर चालणारी बोट

बोट घेतली तेव्हा मी आईला फोनवर सांगितलं होतं, "चहूकडे पाणीच पाणी आहे गं!" त्यात खोटं काही नव्हतं. त्या पाण्याने आंघोळ केली की अंगावर मिठागर तयार होतं, एवढंच सांगायचं राहिलं.

41 फुटी, सेकंडहँड, शिडाची बोट. टाकीत गोडं पाणी 400 लिटर. माणसं पाच: मी, ही, तेरा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि तीन महिन्यांसाठी गिरगावातून आलेली आई. टोरोंटोच्या घरी चिरंजीव वीस मिनिटं शॉवरखाली उभे असायचे. मिनिटाला नऊ लिटर धरले तर एका आंघोळीला 180. म्हणजे चिरंजीव दोनदा स्वच्छ झाले की बोट कोरडी.

यावर उपाय म्हणून बोटीत समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र होतं. प्रचंड दाबाने समुद्र एका पडद्यातून ढकलायचा. मीठ अलीकडे राहतं आणि तासाला साठेक लिटर गोडं पाणी पलीकडे पडतं. बोट विकणारा म्हणाला होता, "नवंच आहे." सेकंडहँड वस्तूच्या बाबतीत 'नवंच आहे' याचा अर्थ, ते अजून तुमच्या देखत बिघडलेलं नाही. यंत्राने कॅरिबियनमधलं ग्रेनेडा बेट निभावलं, कॅरिआकू निभावलं आणि टोबॅगो केज या बेटांच्या पुंजक्याला पोचल्यावर पंपाचं सील फोडून घेतलं.

बिघडायला यापेक्षा सुंदर जागा नाही. पाच चिमुकली निर्मनुष्य बेटं आणि पूर्वेला घोड्याच्या नालेसारखी प्रवाळांची रांग. अटलांटिकच्या लाटा तिच्यावर फुटतात आणि बोटी आत निवांत डुलतात. बाराडल बेटापाशी पाण्यात हिरवी कासवं चरत असतात. सगळं आहे, फक्त नळ नाही. जवळचं वस्तीचं मोठं बेट युनियन. तिथे मागायला जीभ रेटेना. या बेटांवर नद्या नाहीत. लोक छपरावरचं पावसाचं पाणी घराखालच्या टाकीत साठवतात. 1 जुलै 2024 ला बेरिल वादळाने युनियनवरच्या बहुतेक घरांची छपरं उडवली. छप्पर गेलं म्हणजे तिथे नळच गेला. सात महिन्यांनी अशा माणसाच्या दारात बादली घेऊन कोण उभं राहणार? पंपाचा भाग मार्टिनिक बेटावरून यायचा होता. फोनवरच्या माणसाने "लवकरच" असं सांगितलं. कॅरिबियनमध्ये हा शब्द फार हळू बोलतात.

सहाव्या दिवशी टाकीचा काटा पाव टाकीवर आला. मी सर्वांना जमवून पाणीबचतीवर चार शब्द बोललो. आईने मध्येच विचारलं, "पाणी कधी येतं?"

"येत नाही, आई. संपतं."

आई उठली आणि नळाच्या पंपाचं बटण बंद केलं. "आता नळाला हात लावायचा नाही. पाणी मी देईन."

आमची बोट त्या क्षणी चाळ झाली. पहाटे साडेचारला येणाऱ्या पाण्यासाठी चाळीस वर्षं उठलेल्या बाईला काटा बघायची गरज नव्हती. हिशेब तांब्यात सुरू झाला. आंघोळीला समुद्रात बुडी आणि वरून दोन तांबे. दात घासायला अर्धा पेला. भांडी आधी समुद्रात, मग स्प्रेच्या बाटलीने दोन फवारे. ही बाटली इथल्या सगळ्या बोटींवर असते. पण आईने तिच्यावर मार्करने रेघा मारल्या आणि संध्याकाळी त्या मोजायला लागली. मुलगा केस धुऊ का विचारायला आला, तर तिने त्याच्या डोक्याकडे बघून सांगितलं, "रविवारी."

संडासाचा प्रश्न नव्हता. तिथे हातपंपाने समुद्राचंच पाणी ओढायचं असतं, वीस-पंचवीस दणके. आईने त्याचं नाव हापसा ठेवलं आणि विषय मिटवला.

मिठाचीही बचत निघाली. तीन वाट्या गोड्या पाण्याला एक वाटी समुद्र, की भाताला वेगळं मीठ नको. मला वाटलं, नोबेल नाही तरी निदान कुकर कंपनीचं बक्षीस नक्की. दुसऱ्या दिवशी आई डेकवर बसून आजूबाजूच्या बोटी मोजत होती. तीसेक होत्या.

"या सगळ्यांकडे हापसा आहे?"

"हो."

"आणि तो कुठे जातो?"

"आई, समुद्र केवढा मोठा आहे!"

"वाटी लहान आहे," आई म्हणाली. त्या दिवसापासून भातात मीठ डब्यातलं.

हिने एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "आईंना विचारा, मी ओढणी धुतली तर चालेल का?" लग्नाला सोळा वर्षं झाली. हिने आईंची परवानगी मागितल्याचं माझ्या आठवणीत तरी हे पहिलंच.

फेब्रुवारी म्हणजे इथला कोरडा काळ. तरी रात्री-बेरात्री एखादा काळा ढग येतो, पाच-दहा मिनिटं बडवतो आणि जातो. आठव्या रात्री तीनला टपटप झाली. बोटीवर अशा वेळी पहिलं काम म्हणजे छताच्या झडपा बंद करणं. मी धडपडत वर आलो, तर आई गाऊनमध्ये आधीच उभी. ताडपत्रीचा एक कोपरा तिने दोरीने खाली ओढला होता आणि खाली पातेली, कुकर, परात आणि पोरांच्या वाळूच्या बादल्या मांडल्या होत्या.

"पहिलं पाणी घेऊ नकोस, मळकं असतं. आता घे. अरे, पातेलं सरळ धर!"

तेवढ्यात शेजारच्या बोटीवर दिवा लागला. मार्टिनिकहून आलेला एक साठीचा फ्रेंच गृहस्थ डेकवर आला, हातात साबण, आणि साबणाखेरीज काही नाही. पावसात फुकट आंघोळ ही इथली रीत आहे, पण आईला कल्पना नव्हती. मी मध्ये उभा राहायला गेलो.

"तू तिकडे बघू नकोस," आई म्हणाली. "पातेलं धर."

त्याने शिट्टी वाजवत डोक्यापासून पायापर्यंत फेस केला. आणि पाऊस थांबला. नळ बंद करावा तसा. तो आभाळाकडे बघत राहिला, नखशिखान्त पांढरा. शिट्टीही थांबली.

आमच्याकडे चाळीसेक लिटर जमले होते. आई पातेल्यांवर झाकणं ठेवत होती. तिने एकदा तिकडे पाहिलं, एकदा पातेल्यांकडे. मग मुलाला हाक मारली.

"ती छोटी बोट सोड. बाबाचा टॉवेल घे. आणि त्या माणसाला चार तांबे दे."

"आजी, आम्हाला दोनच!"

"तो पाहुणा आहे," आई म्हणाली. "आणि तांब्या परत आण."