एक मीटर वीस

पोटरी अजून चुरचुरतेय. रविवारची गोष्ट, आज बुधवार. बायको म्हणते, "नेटलची आग एवढी टिकत नाही रे, ही तुझ्या डोक्यातली आहे." असेल. पण डोक्यातली आग पोटरीत उतरते त्याचं काय करायचं, हे ती सांगत नाही.

झालं एवढंच. इंग्लंडमधल्या आमच्या गावाबाहेरच्या शेतांमधून जाणाऱ्या पायवाटेवर मी उभ्याउभ्या दशमी खात होतो आणि समोरून घोडा आला. एका बाजूला काटेरी कुंपण, दुसऱ्या बाजूला कमरेइतकं नेटल. नेटल म्हणजे अंगाला लागलं की आग करणारं रानटी झुडूप; आपल्या खाजकुयलीच्या नात्यातलं नव्हे, पण वळण तेच. घोडा मागे जाईना, कारण त्याला मागे जायला आवडत नाही. हे वर बसलेल्या बाईंनीच सांगितलं, अगदी कौतुकानं, आपली बाळं दुधावरची साय खात नाहीत हे आयांनी सांगावं तसं. मग मी बाजूला झालो. हाफ पँटमध्ये.

इंग्लंडमध्ये फुटपाथ म्हणजे दुकानासमोरची उखडलेली फरशी नव्हे, हे समजायला मला दोनेक वर्षं लागली. इथे फुटपाथ म्हणजे पायवाट. कोणाच्या तरी खाजगी शेतातून, कुरणातून, कधी थेट परसातून जाणारी, पण चालायचा हक्क सगळ्यांना. पिवळा बाण दिसला की फक्त पायी. निळा बाण म्हणजे ब्रिडलवे: तिथे चालणारे, घोडेस्वार आणि १९६८च्या कायद्यापासून सायकलवालेही. कुठली वाट कुठल्या जातीची, हे एका नकाशात नोंदलेलं असतं. १९४९च्या कायद्यानं हे नकाशे करायला लावले. वाटांचा सातबाराच म्हणा. घोडेस्वारांचं दुखणं असं की एकूण वाटांपैकी जेमतेम पाचव्या हिश्श्यावरच त्यांना जाता येतं, उरलेल्या सगळ्या पिवळ्या बाणाच्या. म्हणून त्यांची मागणी आहे, फुटपाथ आम्हालाही खुले करा.

ही मागणी पहिल्यांदा कानावर आली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर लक्ष्मी रोड उभा राहिला. साड्यांच्या दुकानापुढे घोडा, आणि बाईसाहेब वरूनच काठ-पदर बघताहेत. पुण्यात मी पंचवीस वर्षं फुटपाथवरून चाललो आणि त्यातली निम्मी मागून येणाऱ्या स्कूटरला वाट देण्यात गेली. तेव्हा घोड्यानं नवीन काय बिघडणार होतं? निदान घोड्याला हॉर्न नसतो.

असो. मी नेटलमध्ये होतो.

इतक्यात घोड्याच्या मागून एक आजोबा आले. मागच्या कुंपणाला ओलांडून जायच्या लाकडी पायऱ्या आहेत, त्यांना इथे स्टाइल म्हणतात. (मी ती आजवर कधीही स्टाइलमध्ये ओलांडलेली नाही.) आजोबा पंच्याहत्तरीचे, पण टुणकन उतरले. गळ्यात प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला नकाशा, डाव्या हातात कुत्र्याची साखळी, उजव्या हातात त्याच कुत्र्याची भरलेली पिशवी. त्यांनी घोड्याला गुड मॉर्निंग केलं, मग बाईंना, मग मला. ह्याच क्रमानं.

"मॅडम, हा फुटपाथ आहे," आजोबा म्हणाले.

"मला माहीत आहे."

"फुटपाथवर घोडा म्हणजे ट्रेसपास."

"दिवाणी," बाई म्हणाल्या. "फौजदारी नाही. आणि ती तक्रार जमीनमालकानं करायची. तुम्ही जमीनमालक आहात का?"

"मी नेटलमध्ये आहे," मी म्हणालो.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा एकमेकांकडे पाहिलं.

"मालकाची परवानगी आहे का तुमच्याकडे?" आजोबांनी विचारलं.

इथे बाई गालात हसल्या. त्या हसण्याचा अर्थ मला नंतर कळला, आजोबांना मात्र लगेच कळला. ते पांढरेफटक पडले. म्हणजे होते त्याहून.

"परवानगी कधी मागितलीच नाही मी," बाई म्हणाल्या. "बावीस वर्षं येतेय. दिवसाढवळ्या."

हा काय डाव आहे ते सांगतो, कारण पायाची आग विसरायला मी ते लक्ष देऊन ऐकलं. १९८०च्या हायवेज ॲक्टमध्ये असं आहे की एखादी वाट लोकांनी सलग वीस वर्षं वापरली, बळजबरी न करता, लपूनछपून न करता आणि परवानगी न घेता, तर ती वाट त्या वापरासाठी लोकांना दिलेलीच आहे असं धरता येतं. मालकानं तसं करायचं नव्हतं हे सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. म्हणजे सभ्यपणे परवानगी मागून घोडा घातलात तर हक्क शून्य. न विचारता घातलात, पण राजरोस आणि वीस वर्षं, तर पिवळा बाण निळा व्हायची आशा.

मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आधी बांधायचं, मग राहायचं, मग सरकार नियमित करतं! आपल्याकडे गुंठेवारीसाठी २००१ साली कायदाच झाला. मी उगाच समजत होतो की साहेबाचा देश वेगळा आहे.

आजोबांनी खिशातून टेप काढला. लोखंडी, सुताराचा. "आपण रुंदी घेऊ," ते म्हणाले. "कागदावर येऊ दे. शेताच्या मधून जाणारी पायवाट नांगरली तर किमान एक मीटर परत करून द्यावी लागते. ब्रिडलवे असेल तर दोन मीटर. कडेनं जाणारी असेल तर दीड आणि तीन. हिच्यात घोडा कसा बसतो ते मला बघायचंय."

"बसलाय की," बाई म्हणाल्या.

"हे जरा धरता का?" आजोबा मला म्हणाले.

आणि मी धरला. हेच मला अजून पचत नाही. दोन्ही पाय नेटलमध्ये, पोटरीवर लाल फोड फुलताहेत, एका हातात दशमी, आणि दुसऱ्या हातानं मी एका अनोळखी माणसाच्या टेपचं टोक धरून उभा. का धरला? कोणी वयस्कर माणसानं "जरा धर रे" म्हटलं की आपण धरतो. लहानपणी मांडवाचा बांबू धरला, पाहुण्यांची बॅग धरली, काकांची शिडी धरली. ती शिडी तर मी तासभर धरून होतो, आणि काका कधीच मागच्या बाजूनं उतरून चहा घेत बसले होते.

"एक मीटर वीस," आजोबांनी जाहीर केलं. मग वाकून माझ्याकडे बघत, "तुम्ही जरा आणखी आत सरकलात तर खरी कड कळेल."

मी सरकलो. एक मीटर सदतीस.

"पण हे सतरा सेंटिमीटर वनस्पतीखाली आहेत," आजोबा स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी वही काढली.

सगळ्यांचं लक्ष वहीकडे असताना बिस्किटनं मान लांब केली. बिस्किट हे घोड्याचं नाव. पाचशे किलोच्या जनावराला हे नाव ठेवणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. त्यानं माझ्या हातातली दशमी घेतली. गुळाची, बायकोनं दुधात भिजवलेली, साजूक तूप लावलेली. एका घासात. मग खिशाकडे वळला, तिथे शेंगदाण्याची चटणी होती. ती मी वाचवली.

"त्यात काय होतं?" बाई किंचाळल्या.

"गहू. दूध. गूळ."

"साखर!" बाई खोगिरावर ताठ झाल्या. "त्याच्या खुरांना साखर बाधते! साधं गवतसुद्धा मोजून देते मी त्याला. तुम्ही त्याला साखर दिलीत?"

"मी दिली नाही. त्यानं घेतली."

"बळजबरीनं?" आजोबांनी मान वर करून विचारलं.

खरं सांगायचं तर बळजबरी नव्हती. लपूनछपूनही नव्हतं आणि परवानगी तर नव्हतीच. म्हणजे बिस्किटनं असंच वीस वर्षं चालवलं तर माझ्या घरच्या दशमीवर त्याचा कायदेशीर हक्क होईल. बायकोचा मात्र होणार नाही, कारण ती मला विचारून खाते.

घोड्यांशी माझं पूर्वीपासून नीट नाही. लहानपणी आम्ही दर मे महिन्यात माथेरानला जायचो. मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात, पुढे तेव्हा आम्हाला पाय किंवा घोडा. वडील म्हणायचे, पाय देवानं फुकट दिलेत. मग त्या तांबड्या धुळीत आम्ही चालायचो आणि मागून "साईड, साईड!" अशी आरोळी यायची. आम्ही झाडीत घुसायचो, घोडा जायचा, आम्ही पुन्हा वाटेवर. पण तिथे आरोळी तरी यायची. आणि घोडेवाला पायीच, घोड्याबरोबर धावत, आमच्यासारखाच धुळीनं माखलेला. पुढे त्याच वाटांवर पेव्हर ब्लॉक टाकायची टूम निघाली, तेव्हा घोडेवाल्यांनी विरोध केला, त्यावरून घोड्यांचे खूर घसरतात म्हणून. मग ई-रिक्षा आल्या. भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. त्यात कोण बरोबर ह्यावर मी तासभर वाद घालीन, पण तिथे ज्याच्या त्याच्या चुलीचा प्रश्न आहे. घोड्यावर घर चालतं. इथे घरावर घोडा चालतो. तबेला, नालबंद, व्हेट, विमा, हिवाळ्यातलं पांघरूण. बिस्किटच्या अंगावरची ती जाळीदार उन्हाळी झूल माझ्या जाकिटापेक्षा महाग असणार.

पण बाईंची बाजूही ऐकली पाहिजे, आणि मी ऐकली, कारण निघायला जागाच नव्हती. त्या म्हणाल्या, "मग मी जाऊ कुठे? डांबरी रस्त्यानं? गाड्या कशा जातात बघितल्यात? घोडा दिसला की वेग ताशी दहा मैलांवर आणायचा, दोन मीटर अंतर सोडायचं, असं २०२२पासून हायवे कोडमध्ये लिहिलंय. कोण करतं?"

मी करत नाही. म्हणजे करतो, पण मनातल्या मनात शिव्या देत. गेल्याच महिन्यात अशाच एका घोड्यामागे चार मिनिटं रेंगाळलो आणि शेवटी रेटून पुढे गेलो. दोन मीटर होते का? माझ्याकडे तेव्हा टेप नव्हता. घोडा बिस्किट होता का, तेही आठवेना. आता वाटतंय की त्यानं मला ओळखलं असावं.

आजोबांना हे काही मान्य नव्हतं. त्यांनी स्कॉटलंडचा विषय काढला. तिथे २००३च्या कायद्यानं चालणाऱ्याला, सायकलला आणि घोड्याला, जबाबदारीनं वागत असाल तर, जवळपास सगळीकडे मोकळीक आहे. ते "स्कॉटलंड" असं म्हणाले, जसं घर सोडून गेलेल्या धाकट्या भावाचं नाव घ्यावं. मग वेल्स. वेल्स सरकारनं २०१७ साली पायवाटा घोडे-सायकलींना खुल्या कराव्यात का, असं लोकांना विचारलं होतं. "विचारलं!" आजोबा म्हणाले. "असल्या गोष्टी लोकांना विचारायच्या असतात?"

तेवढ्यात बिस्किटनं शेपटी उचलली. वाटेच्या मधोमध. ढीग पडला.

तिघंही गप्प. आजोबांनी हळूच आपल्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. कुत्रा आहे म्हणून ती त्यांना उचलावी लागते, नाहीतर दंड. घोड्याला तसा कायदा नाही. ह्या एका मुद्द्यावर मी पूर्णपणे आजोबांच्या बाजूला होतो, आणि ते त्यांना सांगायला तोंड उघडणार, तोच बाई माझ्याकडे वळून अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही वाट चुकलात का? मेन रोड त्या बाजूला आहे."

अकरा वर्षं मी इथे राहतो. ह्या वाटेनं अकरा वर्षं, पावसात, चिखलात, कोविडमध्ये तर रोज. ह्या कुंपणात ब्लॅकबेरी कुठे आधी पिकते ते मला माहीत आहे. शेतकऱ्यानं सकाळी कोणतं फाटक उघडं टाकलं ते माहीत आहे. पण टेप धरलेला, दशमी गमावलेला, तांबडेलाल पाय झालेला मी बाईंना पाहुणा दिसलो. त्यांना काही वाईट म्हणायचं नव्हतं. तेच जास्त लागतं. वाईट म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

"अकरा वर्षं चालतोय मी इथून," मी म्हणालो.

"अकराच?" आजोबा हळहळले. "वीस असती तर तुम्हाला साक्षीदार धरता आलं असतं."

"कशाचा साक्षीदार?"

"वीस वर्षांत इथे घोडा बघितला नाही, ह्याचा."

"आत्ता बघतोय की."

"तेच तर," आजोबा म्हणाले आणि वही मिटली.

बिस्किट पुढे गेला. जाताना त्याच्या मागच्या भागानं मला आणखी एकदा नेटलमध्ये दाबलं, बाईंनी "थँक यू सो मच" म्हटलं आणि टापांचा आवाज लांब गेला. आजोबांनी टेप गुंडाळला. मग कुंपणाखालून एक रुंद पान तोडून माझ्या हातात दिलं. डॉकचं पान, नेटलवर चोळायचं म्हणून इथे सगळे सांगतात. ही डॉक म्हणजे आपल्या आंबटचुक्याची चुलत बहीण. मी चोळलं. काही फरक पडला नाही. चुक्याची भाजी तरी झाली असती.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सगळी खाल्ली त्यानं?" तिला बरं वाटलंय असा मला संशय आहे. मी दशमी अर्धी टाकून देतो अशी तिची जुनी तक्रार आहे.

माझी स्वतःची तक्रार वेगळीच आहे. आजोबांनी वही मिटायच्या आधी त्यात काय लिहिलं ते मला उलटं का होईना, दिसलं होतं. तारीख, वेळ, "घोडा १, स्वार १, रुंदी १.२०". आणि त्याखाली, "अडथळा: एक पुरुष, बसलेला."

मी बसलेला नव्हतो. उभा होतो. पुढच्या रविवारी फुल पँट घालून जाणार आहे, आणि आजोबा भेटेपर्यंत तिथून हलणार नाही.