वशिला समितीत कमी, वेळापत्रकात जास्त

मार्च मॅडनेसवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. बाकीच्यांसाठी तिचा गोषवारा असा: अमेरिकेतली कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा हा वशिल्याचा बाजार आहे. २०२४ मध्ये २८ सामने जिंकलेली इंडियाना स्टेट घरी बसली आणि १४ सामने हरलेली नॉर्थ कॅरोलायना स्टेट आत गेली. पुढच्याच वर्षी शेवटच्या जागांपैकी एक नॉर्थ कॅरोलायनाला मिळाली, आणि निवड समितीचा अध्यक्ष होता त्याच विद्यापीठाचा क्रीडा संचालक. म्हणून समिती बरखास्त करावी, संगणकाच्या क्रमवारीतले पहिले ६८ संघ घ्यावेत आणि मोकळं व्हावं. शेवटी एक टोला: लेखकाला स्पर्धा आवडते, म्हणून तो तिचे दोष झाकतो.

स्पर्धा आवडते, हे खरं. पण तुमचा नेम चुकलाय असं मला वाटतं, आणि तो का चुकलाय हे प्रतिक्रियेच्या चौकटीत मावत नाही, म्हणून हे स्वतंत्र उत्तर.

आधी दोन नॉर्थ कॅरोलायना वेगळ्या करू. नावं सारखी असली तरी ती दोन विद्यापीठं आहेत, एकमेकांची जुनी वैरी. आणि ती या स्पर्धेत दोन निरनिराळ्या दारांनी शिरली. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, साडेतीनशेहून जास्त संघ आहेत आणि ते कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपापसांत साखळी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांत, विभागलेले आहेत. २०२५ चा हिशेब घ्या: ३१ कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट प्रवेश, उरलेल्या ३७ जागा बारा जणांच्या निवड समितीच्या हातात. पहिल्या दाराशी समितीला काहीही विचारलं जात नाही. तिथे जिंकलेला संघ आत येतो, मग तो हंगामभर कसाही खेळलेला असो.

नॉर्थ कॅरोलायना स्टेट या पहिल्या दाराने आली. साखळी संपली तेव्हा १७ विजय आणि १४ पराभव; समितीने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. मग एसीसीच्या, म्हणजे या दोन्ही विद्यापीठांच्या कॉन्फरन्सच्या, स्पर्धेत त्यांनी पाच दिवसांत पाच सामने जिंकले: लुईव्हिल, सिरॅक्यूज, ड्यूक, व्हर्जिनिया आणि अंतिम सामन्यात खुद्द नॉर्थ कॅरोलायना. व्हर्जिनियाविरुद्ध तर हरल्यातच जमा होते. शेवटच्या क्षणी मायकेल ओकॉनेलने लांबून फेकलेला चेंडू फळीवर आपटून जाळीत पडला आणि सामना जादा वेळेत गेला. तो चेंडू बाहेर पडला असता तर तुमची अर्धी तक्रारच उरली नसती! राष्ट्रीय स्पर्धेत हा संघ अकरावं मानांकन घेऊन उतरला आणि थेट उपांत्य फेरीपर्यंत, म्हणजे फायनल फोरपर्यंत गेला. १९८३ नंतर त्यांना ते पहिल्यांदाच जमलं होतं. याला वशिला म्हणायचं असेल तर मी हात टेकले.

तुम्ही म्हणाल, चार महिन्यांच्या कष्टांवर एका आठवड्याने पाणी फिरवायचं हा कुठला न्याय? प्रश्न रास्त आहे, फक्त तो विचारायचा कॉन्फरन्सना. आपला झेंडा कुणाच्या हाती द्यायचा हे प्रत्येक कॉन्फरन्स स्वतः ठरवते. आयव्ही लीग ही हार्वर्डसारख्या जुन्या विद्यापीठांची कॉन्फरन्स वर्षानुवर्षं साखळी जिंकणाऱ्या संघालाच पाठवत असे. २०१७ मध्ये त्यांनीही शेवटी छोटी स्पर्धा सुरू केली. टीव्हीवर दिसायचं असेल तर मार्चमधली बाद फेरी हवी, हे त्यांनाही कळून चुकलं. नियम किती ज्याचे त्याचे असतात ते बघा. खालच्या डिव्हिजनमधून नुकत्याच वर आलेल्या संघाला काही वर्षं राष्ट्रीय स्पर्धा खेळता येत नाही. २०२२ मध्ये बेलरमाइनने असा मज्जाव असताना आपल्या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली, तर जागा गेली साखळीत अव्वल ठरलेल्या जॅक्सनव्हिल स्टेटला. पुढच्या वर्षी मेरिमॅकच्या बाबतीत नेमकं तेच घडलं, पण त्यांच्या कॉन्फरन्सने जागा दिली अंतिम सामना हरलेल्या फेअरली डिकिन्सनला. त्या हरलेल्या संघाने काय केलं, ते पुढे सांगतो.

दुसरं दार मुळात का उघडलं, हेही तुमच्या आरोपात हरवलंय. १९३९ मध्ये पहिली स्पर्धा झाली तेव्हा फक्त आठ संघ होते. पुढे संख्या वाढली, तरी कितीतरी वर्षं एका कॉन्फरन्समधून एकच संघ हा दंडक कायम राहिला. १९७४ मध्ये एसीसीच्या अंतिम सामन्यात मेरीलँड जादा वेळेत १०३-१०० असा हरला. देशातल्या पहिल्या पाचांत गणला जाणारा संघ, पण त्याचा हंगाम त्या रात्री संपला. ज्यांनी हरवलं ती नॉर्थ कॅरोलायना स्टेट (पुन्हा तीच!) पुढे राष्ट्रीय विजेती झाली. दुसऱ्याच वर्षी स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एका कॉन्फरन्सचे एकाहून जास्त संघ येऊ लागले. म्हणजे ज्या जागा तुम्हाला वशिल्याच्या वाटतात, त्या फक्त विजेत्यांना घेण्यातला अन्याय निस्तरण्यासाठी वाढवलेल्या आहेत.

आता २०२५. त्या वर्षीचे समितीचे अध्यक्ष बबा कनिंगहॅम हे नॉर्थ कॅरोलायनाचे क्रीडा संचालक होते, यात वादच नाही. आपल्या विद्यापीठाची चर्चा सुरू झाली की सदस्याने खोलीबाहेर जायचं असा नियम आहे, त्याप्रमाणे ते बाहेर गेले. त्या निवडीबद्दलचे प्रश्न उपाध्यक्ष कीथ गिल यांनी झेलले. तरीही निवड मला पटली नव्हती आणि आजही पटत नाही. वगळलेल्या वेस्ट व्हर्जिनियाने बलाढ्य संघांविरुद्धचे सहा सामने जिंकले होते. त्यात बहामात गोंझागा आणि ॲरिझोना, आणि कॅन्ससला तर कॅन्ससच्याच घरी. कॉन्फरन्स स्पर्धेत तळाच्या कोलोरॅडोकडून हरणं त्यांना भोवलं, हे समजू शकतो. पण नॉर्थ कॅरोलायनाच्या खात्यात अशा सामन्यांत विजय एक आणि पराभव बारा होते. वेस्ट व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनी चौकशीची घोषणा केली, तेव्हा मला हसू आलं. त्यांचा राग मात्र खोटा नव्हता. नॉर्थ कॅरोलायनाने डेटनच्या फर्स्ट फोरमध्ये, म्हणजे मुख्य फेरीआधीच्या पात्रता सामन्यांत, सॅन डिएगो स्टेटचा ९५-६८ असा धुव्वा उडवला म्हणून निवड बरोबर ठरत नाही, आणि नंतर ओल मिसकडून हरली म्हणून चुकीचीही ठरत नाही. समितीसमोर निवडीच्या रविवारपर्यंतचा हिशेब असतो, सामन्याच्या मंगळवारचा नाही.

मात्र तो एक-बारा आकडा पुन्हा बघा. तुम्ही त्यातला 'एक' पाहिलात. मला त्यांची बेरीज जास्त बोलकी वाटते. तेरा.

समितीच्या पुढ्यात जो कागद असतो, त्यावर प्रत्येक संघाचे सामने चार गटांत वाटलेले असतात, त्यांना क्वाड म्हणतात. सगळ्यात वजनदार क्वाड वन: घरच्या मैदानावर पहिल्या ३० मधला प्रतिस्पर्धी, तटस्थ मैदानावर पहिल्या ५० मधला, परक्या मैदानावर पहिल्या ७५ मधला. हे क्रमांक २०१८-१९ पासून 'नेट' नावाच्या क्रमवारीतून येतात. मोठ्या कॉन्फरन्समधल्या संघाला जानेवारी-फेब्रुवारीत घराबाहेर पडलं की बहुतेक वेळा समोर क्वाड वनच उभा असतो. २०२५ मध्ये एसईसी या बड्या कॉन्फरन्सच्या १६ पैकी १४ संघांना प्रवेश मिळाला, तो विक्रम होता. अशा घरात आठवड्याला दोन संधी चालत दाराशी येतात.

इंडियाना स्टेटला त्या २०२४ च्या हंगामात निवडीच्या दिवसापर्यंत क्वाड वनचे सामने मिळाले पाच. एक जिंकला, चार हरले. अलाबामा आणि मिशिगन स्टेटशी ते खेळले, पण दोन्ही वेळा पाहुणे म्हणून. यांच्या गावी, टेर हॉटला, यायला मोठा संघ कशाला तयार होईल? हरला तर नाक कापलं जाणार, जिंकला तर कुणी दखल घेणार नाही. मोठी विद्यापीठं लहानांना पैसे मोजून आपल्या मैदानावर बोलावतात, परतीचा सामना मात्र क्वचितच देतात. एकाला तेरा प्रश्नांची पत्रिका, दुसऱ्याला पाचांची, आणि मग समितीने गुणपत्रिका लावायची, असा हा प्रकार आहे. समितीतले बाराही जण उद्या साधुसंत झाले तरी निकाल फारसा बदलणार नाही. ज्याला तुम्ही मार्चमधल्या बंद खोलीत शोधताय, तो पक्षपात नोव्हेंबर-डिसेंबरचे सामने ठरतात तेव्हाच होऊन गेलेला असतो.

त्याची किंमतही कागदावर दिसते. स्पर्धेत खेळलेल्या सामन्यांमागे कॉन्फरन्सला पैसे मिळतात, एका वाट्याचे साधारण वीस लाख डॉलर, सहा वर्षांत विभागून. इंडियाना स्टेट, १९७९ मध्ये लॅरी बर्डला घेऊन अंतिम फेरी गाठलेलं तेच विद्यापीठ, निवड हुकल्यावर एनआयटी या दुय्यम स्पर्धेत गेलं, अंतिम सामन्यात सीटन हॉलकडून ७९-७७ असं हरलं. काही दिवसांतच प्रशिक्षक जॉश शर्ट्झ सेंट लुईस विद्यापीठात गेले आणि चष्मेवाला लाडका सेंटर रॉबी अव्हिला त्यांच्यामागोमाग. पुढच्या वर्षी तोच संघ पुन्हा प्रयत्न करेल, ही सोयही लहानांना राहिलेली नाही.

गोंझागाचं काय, असं कुणीतरी विचारेलच. हो, लहान कॉन्फरन्समधून उठून त्यांनी १९९९ पासून आपली जागा पक्की केली, दोनदा अंतिम सामना खेळले. साडेतीनशेत असा एक दाखवता येतो, यातच सगळं आलं.

राहिला तुमचा उपाय, संगणकाचे पहिले ६८. इथे मी ठाम विरोधात आहे. नेट क्रमवारीत संघ किती गुणांनी जिंकला याचाही हिशेब धरला जातो, म्हणून दुबळ्यांना घरी बोलावून चाळीस गुणांनी तुडवलं की क्रमांक सुधारतो. हे चाळीस गुण कुठल्या तिजोरीतून येतात, ते वर सांगितलंच आहे. शिवाय तुमच्या यादीत दक्षिणेकडच्या आणि ईशान्येकडच्या कितीतरी लहान कॉन्फरन्समधून एकही संघ येणार नाही. तो फेअरली डिकिन्सन आठवतो ना, अंतिम सामना हरूनही आलेला? क्रमवारीत तो तीनशेच्या आसपास होता, आणि सरासरी उंचीत डिव्हिजन वनमधला सर्वांत बुटका संघ. २०२३ मध्ये त्याने सव्वासात फुटांहून उंच झॅक ईडीच्या परड्यूला ६३-५८ असं हरवलं. त्याआधी २०१८ मध्ये यूएमबीसी या लहान विद्यापीठाने व्हर्जिनियाला वीस गुणांनी लोळवलं होतं. दोन्ही वेळा सोळाव्या मानांकनाने पहिल्याला हरवलं. संगणकाने या दोघांना तिकीटच दिलं नसतं.

मला विचाराल तर थेट प्रवेशाला हात लावू नये आणि मोठ्यांना लहानांच्या घरी जायला भाग पाडावं. त्यांच्या मैदानावर खेळायला नकार देणाऱ्याचं समितीच्या कागदावर नुकसान दिसायला हवं. २०२४-२५ पासून समितीला 'विन्स अबव्ह बबल' नावाचा एक आकडा दिला जातो: तुमच्या वेळापत्रकावर प्रवेशाच्या काठावरचा एखादा संघ किती जिंकला असता, त्याहून तुम्ही किती जास्त जिंकलात. हे बरं पाऊल आहे. तरी जो सामना ठरलाच नाही, तो त्यालाही मोजता येत नाही.

मुलींच्या स्पर्धेतही हेच चालतं का, असं तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंय. साचा तोच: २०२२ मध्ये तीही ६८ संघांची झाली, समिती वेगळी. एक फरक मात्र मोठा आहे. तिथे वरची १६ मानांकनं मिळवलेल्या संघांना पहिल्या दोन फेऱ्या स्वतःच्या घरच्या मैदानावर खेळायला मिळतात, म्हणजे लहान संघांना आत आल्यावरही पाहुणेच राहावं लागतं. तरीसुद्धा सोळाव्या मानांकनाने पहिल्याला हरवण्याचा पराक्रम मुलींनीच आधी केला, मुलांच्या वीस वर्षं अगोदर. १९९८ मध्ये हार्वर्डने स्टॅनफर्डला स्टॅनफर्डच्याच मैदानावर ७१-६७ असं हरवलं. स्टॅनफर्डच्या दोन प्रमुख खेळाडू जायबंदी होत्या, हे खरं. आणि हार्वर्ड आली होती आयव्ही लीगची साखळी जिंकून, थेट प्रवेशाच्या दारानेच.