सीटी स्कॅन लांब आहे, तिथेच प्रोब हवा

अपघातात पोटाला मार लागलेला रुग्ण आला की इथे ब्रिटनमध्ये इमर्जन्सीतला डॉक्टरच सोनोग्राफीचा प्रोब उचलतो. यकृत आणि उजव्या मूत्रपिंडामधली फट, डावीकडे प्लीहेभोवतालची जागा, मूत्राशयामागची पोकळी, हृदयाचं आवरण; जमल्यास फुप्फुसांभोवती हवा साठली आहे का तेही. दोन-तीन मिनिटांत होणारा हा फास्ट स्कॅन. पोटात काळी पट्टी, म्हणजे साठलेलं रक्त, दिसली आणि रक्तदाब ढासळत असेल, तर रुग्ण थेट ऑपरेशन थिएटरमध्ये.

भारतात हे सर्रास का होत नाही, यावर डॉक्टर मित्रांशी वाद झाला की गाडी गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी सोनोग्राफीवर बंधनं घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यावर येते. मशीनची नोंदणी, एमबीबीएस डॉक्टरांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाची अट, पोर्टेबल मशीनवरचे निर्बंध. वैतागून काहीजण म्हणतात, कायदाच सैल करा. मला ते अजिबात मान्य नाही. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी असा कायदा केला, आणि तरीही २००१ ते २०११ दरम्यान राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली ९१३ वरून ८९४ वर आल्या. या यंत्रावर पहारा हवाच.

पण इथे काम करताना एक विसंगती सतत टोचते. इथल्या मोठ्या ट्रॉमा सेंटरमध्ये सीटी हाकेच्या अंतरावर असतो. बऱ्याच रुग्णांत फास्टवाचून अडत नाही. खरी गरज आहे ती सीटी तासाभराच्या वाटेवर असलेल्या रुग्णालयात. दोन जखमींपैकी आधी कोणाला पुढे पाठवायचं, हे तिथे रात्री एकट्या डॉक्टरला ठरवावं लागतं.

प्रोब नुसता हातात देऊनही भागणार नाही. आतड्याची जखम किंवा पोटामागचा रक्तस्राव फास्टमध्ये सहसा दिसत नाही, सुरुवातीचं थोडं रक्तही निसटतं. स्कॅन स्वच्छ आला म्हणून निर्धास्त झालेला डॉक्टर घातक ठरतो. संशय असेल तर पुन्हा करायचा, हे अंगवळणी पडायला हवं. पण त्यासाठी संपूर्ण सोनोग्राफीचा सहा महिन्यांचा अभ्यास कशाला? मर्यादित प्रश्नांपुरतं, देखरेखीखालचं प्रशिक्षण द्या. इमर्जन्सी विभागाच्या मशीनची वेगळी नोंदणी करा. प्रत्येक स्कॅनची चित्रं डॉक्टरच्या नावासह जपून ठेवा आणि ती नियमित तपासा. जखमी स्त्री गर्भवती असेल तर फॉर्म एफ, म्हणजे गर्भवतीच्या सोनोग्राफीची या कायद्यातली सक्तीची नोंद, भरायचाच. मात्र तो रक्तस्राव आटोक्यात आल्यावर भरण्याची मुभा नियमांत स्पष्ट शब्दांत लिहिलेली असावी.