चुलीचा धूर आणि १६.६७ मिलिसेकंद

आम्ही मोबाइलसाठी जो गेम बनवत आहोत, त्यात कोकणातले एक कौलारू घर आहे आणि त्या घराच्या मागच्या पडवीत एक चूल आहे. खेळाडू त्या चुलीजवळ गेला की आमचा गेम दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा अडखळू लागे आणि ‘ग्राफिक्स प्रोसेसरचे (म्हणजे चित्रे रंगवणाऱ्या चिपचे) दुखणे शोधून काढ’ असे सांगून ती चूल माझ्या गळ्यात बांधण्यात आली.

सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला १६.६७ मिलिसेकंद येतात. पडदा नेमक्या त्या अंतराने ताजा होतो; चित्र अर्ध्या मिलिसेकंदाने जरी उशिरा तयार झाले तरी सुटलेल्या लोकलकडे पाहत पुढच्या गाडीची वाट पाहणे एवढेच त्याच्या हाती उरते.

प्रथम मी मोठ्या आत्मविश्वासाने चित्र काढण्याच्या आज्ञांच्या आधी आणि नंतर घड्याळ लावले, तर उत्तर आले २ मिलिसेकंद. मी आनंदाने चहा मागवला. चहा येईपर्यंत लक्षात आले की सीपीयू, म्हणजे फोनचा मुख्य प्रोसेसर, केवळ आज्ञांची यादी लिहून पुढे सरकवतो आणि ग्राफिक्स प्रोसेसर ते काम नंतर आपल्या सवडीने करतो. म्हणजे वेटरने ऑर्डर लिहून घ्यायला लावलेला वेळ मोजून मी ‘मिसळ तयार झाली’ असे जाहीर केले होते. खरा वेळ प्रोफाइलरमध्ये, म्हणजे कशाला किती वेळ लागला याचा हिशेब ठेवणाऱ्या साधनात, एका भलत्याच फंक्शनच्या नावावर जमा झाला होता. त्या बिचाऱ्याचा गुन्हा इतकाच, की ते ग्राफिक्स प्रोसेसरचे काम संपण्याची वाट पाहत दाराशी उभे होते.

मग ग्राफिक्स प्रोसेसरच्याच घड्याळाने मोजायला शिकलो. सरावासाठी अंगणाचे दृश्य घेतले. त्याला १५ मिलिसेकंद लागत होते. माडांच्या शेडरमधले (प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्राममधले) निम्मे गणित मी दोन दिवस खपून काढून टाकले आणि पुन्हा मोजले, तर पुन्हा १५! काम हलके झाल्याचे पाहून चिपने विजेची बचत म्हणून स्वतःचा वेगच कमी केला होता. काम निम्मे झाले तरी ते बरोबर सुटीच्या वेळेपर्यंत पुरवणारे कारकून मी पाहिले होते, पण सिलिकॉनमध्ये ती वृत्ती उतरलेली प्रथमच पाहिली. वेग एका ठिकाणी बांधून ठेवण्याची सोय काही फोनांत असते. माझ्या फोनात अर्थातच नव्हती.

त्यातच दहा मिनिटे गेम चालला की फोन तापे, आणि तापला की जीव वाचवण्यासाठी आणखी मंदावे. सकाळचा आकडा दुपारच्या आकड्याला ओळख देईना. म्हणून प्रत्येक मोजणीआधी मी फोन थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवू लागलो (हा उपाय मी कोणाला सुचवणार नाही, आत बाष्प धरते). तिसऱ्या दिवशी कोथिंबिरीच्या जुडीशेजारून तो बाहेर काढत आईने अत्यंत काळजीने विचारले, “अरे, हा बाहेर ठेवला तर नासतो का?”

अखेर सर्वांत साधी युक्ती कामी आली. मी चित्राची लांबी-रुंदी निम्मी केली, म्हणजे पिक्सेल एक चतुर्थांश केले, आणि चुलीपाशी लागणारे २४ मिलिसेकंद एकदम ९ वर आले. याचा अर्थ दुखणे पिक्सेल रंगवण्यातच होते. मग एकेक वस्तू लपवत गेलो. घर लपवले, काही नाही. माड लपवले, काही नाही. धूर लपवला आणि गेम हरणासारखा पळू लागला. तो धूर म्हणजे एकावर एक ठेवलेले ४० पारदर्शक पापुद्रे होते. भिंतीमागची वस्तू रंगवणे टाळता येते, पण धुरामागचे दिसायलाच हवे, म्हणून प्रत्येक पापुद्रा रंगवावाच लागतो. कॅमेरा चुलीत डोके घालू लागला की १०८० गुणिले २४०० पिक्सेलांचा सगळा पडदा ४० वेळा, म्हणजे दहा कोटींहून अधिक पिक्सेल, एका चित्रासाठी रंगवले जात होते.

“धूर कमी करू या,” असे मी आमच्या चित्रकार बाईंना नम्रपणे सुचवले. “मग चुलीऐवजी इंडक्शन दाखवू का?” असे त्यांनी तितक्याच नम्रपणे विचारले. बऱ्याच वाटाघाटींनंतर १२ पापुद्र्यांवर तह झाला आणि धूर निम्म्या आकारात रंगवून नंतर ताणायचे ठरले. धूर मुळातच धूसर असल्यामुळे ही लबाडी कोणाच्या लक्षात आली नाही. चुलीपाशी १४ मिलिसेकंद लागू लागले, तेही फोन फ्रिजमध्ये न ठेवता.

दुसऱ्या दिवशी बाई हसतमुखाने माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, “कोकण आहे, तर पाऊस हवाच ना? थेंब पारदर्शकच ठेवलेत, आणि मागे थोडे धुकेसुद्धा आहे.”