शानेलचे पोहण्याचे कपडे आणि बॅले

१९२० च्या दशकातल्या पॅरिसवरचा तुमचा लेख आवडला. पण त्यात 'ल त्रँ ब्ल्यू' ('निळी आगगाडी') हा बॅले राहून गेला, याची चुटपूट लागली. १९२४ चा हा बॅले रशियन निर्माता डियागिलेव्हच्या नृत्य-कंपनीचा. कथा कॉक्तोची, संगीत मियोचं, नृत्यरचना निजिन्स्काची, रंगमंचाच्या पडद्यावर पिकासोच्या समुद्रकिनारी धावणाऱ्या दोन धिप्पाड बायका आणि कपडे कोको शानेलचे! नाव आगगाडीचं, पण रंगमंचावर गाडी नाहीच. ती प्रवाशांना उतरवून केव्हाच निघून गेलेली. उरले ते फ्रान्सच्या रिव्हिएरा किनाऱ्यावरचे टेनिस-गोल्फ खेळणारे हौशी श्रीमंत. टेनिसपटूची भूमिका खुद्द निजिन्स्काची, त्या काळची टेनिस-तारका सुझान लाँग्लेन हिच्यावर बेतलेली.

शानेलने नाटकी पोशाख शिवलेच नाहीत. आपल्या दुकानात शोभतील असे लोकरी विणीचे पोहण्याचे कपडे तिने नर्तकांना घातले. दिसायला झकास, पण लोकर ताणून सैल होणार, मग उचलताना जोडीदाराची पकड कशी बसणार? नाचणाऱ्यांचे हालच! तरी मला बॅलेतल्या त्या फुगीर टुटू-झग्यापेक्षा हेच आवडतं, बुवा. हे पोशाख लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. तिकडे राहणाऱ्या वाचकांनी जरूर चौकशी करावी.