सिंहपुच्छ माकड जर्मनीत, वाद आपल्याकडे

प्राणिसंग्रहालयांवरून आपल्याकडे दर थोड्या दिवसांनी भांडण पेटतं. 2016 साली राणीच्या बागेत हम्बोल्ट पेंग्विन आले तेव्हापासून तर त्याला खंडच नाही. एक बाजू म्हणते, हे सगळे तुरुंग आहेत, टाळं लावा. दुसरी म्हणते, युरोपात बघा कसं ठेवतात, तसं करा. या दुसऱ्या बाजूला पुरावे पुरवण्याचं काम आम्ही परदेशस्थ हौसेने करतो. काचेपलीकडच्या प्राण्याचा फोटो, आणि खाली ‘आपल्याकडे कधी होणार असं?’

त्या फोटोंत कधीतरी एक माकड दिसतं. अंग काळंभोर, चेहऱ्याभोवती रुपेरी-करड्या केसांची झालर, शेपटीच्या टोकाला गोंडा. आफ्रिकेतलं नाहीतर ॲमेझॉनच्या जंगलातलं असणार, असं समजून लोक फोटो पुढे पाठवतात. प्रत्यक्षात ते आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडचं आहे. सिंहपुच्छ माकड जगात फक्त कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूच्या घाटांत सापडतं. त्याची उत्तरेकडची हद्द उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिरसी-होन्नावरच्या अघनाशिनी खोऱ्यात. सावंतवाडीहून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळच्या आत तिथे पोचतो. जंगलात ही माकडं सगळी मिळून चार हजारांच्या आसपास उरली असावीत, त्यांतली प्रौढ अडीच हजारांहूनही कमी, असा अंदाज आहे.

नावातला सिंह शेपटीच्या गोंड्यामुळे आला आहे, आयाळीमुळे नव्हे. जर्मन लोक मात्र त्याला ‘बार्टआफं’ म्हणतात, म्हणजे दाढीवालं माकड. दुसरं जुनं नाव ‘वांडेरू’. ते श्रीलंकेतल्या लंगुरांच्या सिंहली नावावरून चुकून याला चिकटलं, आणि तो सिंहली शब्द आपल्या ‘वानरा’चाच भाऊबंद. माकडाला वानर म्हणण्याची चूक फक्त आपल्याकडेच होते असं नाही.

इथे जर्मनीत बहुतेक लोकांनी माकड पाहिलेलं असतं ते प्राणिसंग्रहालयातच, त्यामुळे ते अर्धा-अर्धा तास एका जागी उभे राहून बघतात. आपल्याकडे माकड माथेरानला हातातली पिशवी पळवतं, कोकणात बागेची नासधूस करतं. त्याचं तिकीट काढून काय बघायचं, असं वाटणं साहजिक आहे. पण बघायचंच असेल तर नजर आधी वर न्यावी. हा प्राणी झाडांच्या शेंड्यांत राहणारा, दाट पानांत काळा रंग बेमालूम मिसळतो. पिंजऱ्यातही तो सगळ्यात उंच फळीवर, छताच्या सावलीत बसलेला असतो. अंगाने सगळ्यात मोठा आणि शेपटीचा गोंडा भरघोस, तो प्रौढ नर. त्याने जांभई देऊन सुळे दाखवले तर तो आळस नसतो, तणाव असतो. डोळ्याला डोळा भिडवणं ही त्याच्या लेखी धमकी. मादीच्या शेपटीखाली सूज दिसली की गाठ आली म्हणून कर्मचाऱ्यांना सांगायला धावणारे लोक इथेही असतात. ती माजाची खूण आहे. पिल्लाचा चेहरा गुलाबी आणि झालर नसलेला असतो, ती साधारण दोन महिन्यांनी दिसू लागते. आणि खाणं मिळाल्यावर गाल फुगलेले दिसले तर ते गालफडातल्या पिशव्यांत साठवलेलं असतं, नंतर निवांत चघळायला.

काच किंवा दुहेरी जाळी ही नुसती दिखाऊ सोय नाही. आशियाई माकडांच्या अंगात हर्पीस बी नावाचा विषाणू असू शकतो. माकडाला त्याचा फारसा त्रास होत नाही. माणसाला तो क्वचितच होतो, पण चाव्यातून किंवा ओरखड्यातून गेलाच तर मेंदूला सूज येऊन जीवावर बेततं. म्हणून इथले कर्मचारीसुद्धा माकडं आतल्या खोलीत बंद करून मगच अंगण झाडतात.

आता वादाकडे. ‘तिकडे छान, इकडे वाईट’ या वाक्यात छान म्हणजे नक्की काय, हे कुणी सांगत नाही. बघणाऱ्याला काच स्वच्छ आणि हिरवळ भरपूर दिसते. माकडाला हिरवळीशी कर्तव्य नाही. त्याला उंची हवी, फांद्यांना जोडणारे दोर हवेत, आणि प्रत्येक जागेला दोन वाटा हव्यात. एकच दार असलेल्या खोलीत वरचढ माकड दारात बसलं की दुबळं आत अडकतं आणि मार खातं. मधे आडोसा नसला तरी तेच. दोर सैल लोंबते ठेवले तर पिल्लाच्या गळ्याला फास बसू शकतो, म्हणून ते ताणून बांधायचे किंवा त्याऐवजी अग्निशमन दलाने मोडीत काढलेले जाड होजपाइप वापरायचे. पाण्याचा खंदक दिसायला सुरेख, पण काठ उभे असतील तर पडलेलं पिल्लू वर येत नाही. यातल्या किती गोष्टींना कोट्यवधी रुपये लागतात?

खाण्याचं तर त्याहून सोपं आहे. बाजारातलं केळं, सफरचंद, द्राक्षं माणसाच्या जिभेसाठी गोड केलेली आहेत. रानातल्या फळाच्या मानाने त्यांत साखर जास्त, तंतू कमी. परिणाम लठ्ठपणा, मधुमेह आणि किडके दात. म्हणून चांगल्या ठिकाणी फळं कमी करून पालेभाज्या, कंदभाज्या आणि माकडांसाठी बनवलेलं कोरडं खाद्य देतात, एकाच भांड्यात न ओतता पेंढ्यात, ओंडक्यांच्या भोकांत, छताच्या जाळीवर विखरून. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमकी हीच सिंहपुच्छ माकडं होती. फळंभाज्या चिरून न देता अख्ख्या दिल्या, तर त्यांचा खाण्यातला वेळ वाढला, पोटात जास्त गेलं आणि आहारात विविधताही आली. थोडक्यात, सुरी बाजूला ठेवल्याने काम भागलं. बारीक चिरून ताटात मांडलेलं खाणं माकड पाच मिनिटांत संपवतं. उरलेला दिवस काय करायचं? मग ते स्वतःचे केस उपटतं, येरझाऱ्या घालतं, आणि आपण व्हिडिओ काढतो. पेंग्विनांच्या थंड हवेवर खर्च व्हावा की नाही, याचा वाद खुशाल घाला, पण आधी कोठीघरातल्या विळीबद्दल विचारा.

दुसऱ्या बाजूच्या, टाळं लावा म्हणणाऱ्यांच्या हाती इथलाच एक ताजा दाखला आहे. न्यूर्नबर्गच्या प्राणिसंग्रहालयाने 29 जुलै 2025 रोजी 12 धडधाकट गिनी बबून, म्हणजे आफ्रिकेतली माकडं, मारले. सुमारे 25 प्रौढांसाठी बांधलेल्या जागेत संख्या 43 वर गेली होती, मारामाऱ्या होत होत्या, दुसरीकडे घ्यायला कुणी तयार नव्हतं. दारात निदर्शनं झाली, काही जण कुंपण ओलांडून आत शिरले. मृत प्राण्यांचं मांस नंतर मांसाहारी प्राण्यांना घातलं. आपल्याकडे हे वाचून अनेकांना धक्का बसला, तो समजण्यासारखा आहे. पण त्यामागचं गणित कोणत्याही माकडाला लागू पडतं. सिंहपुच्छ माकडांच्या टोळीत सहसा एकच प्रौढ नर असतो, बाकी माद्या आणि पिल्लं. माद्या जन्मभर त्याच टोळीत राहतात, तरुण नर बाहेर पडतात. पिल्लांत मात्र नर-मादी जवळपास निम्मे-निम्मे जन्मतात. प्रजनन यशस्वी होताच जास्तीचे नर शिल्लक राहतात. त्यांच्या वेगळ्या टोळ्या करता येतात, पण त्यालाही जागा लागते. माद्यांना कातडीखाली गर्भनिरोधक सळी बसवता येते. तिचा असर कधी संपेल हे मात्र नेमकं सांगता येत नाही, काही माद्या पुन्हा गाभण राहतच नाहीत, आणि वर्षानुवर्षं टोळीत पिल्लूच नसेल तर तरुण माद्यांना ते सांभाळताना बघायलाही मिळत नाही.

मारणं मला पटत नाही. पण मागच्या बाजूच्या कोठडीत एकट्या नराला वीस वर्षं ठेवणं म्हणजे दया, हेही पटत नाही. प्राणी आणण्याच्या आधी जास्तीची पिल्लं कुठे जाणार याचं लेखी उत्तर हवं, इतकाच धडा न्यूर्नबर्गमधून घेण्यासारखा आहे. तो पेंग्विनांनाही लागू, वाघांनाही.

युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांतल्या सिंहपुच्छ माकडांच्या वंशावळीची नोंदवही एकत्रित ठेवली जाते. कोणत्या नराने कुठे जायचं, हे नातं किती दूरचं ते बघून ठरतं. काम नेटकं आहे. पण या वहीतून सह्याद्रीत माकडं परत येत नाहीत, आणि तिथे अडचण माकडांच्या तुटवड्याची नाहीच, सलग झाडांच्या तुटवड्याची आहे. जंगलात मादी साधारण सहाव्या-सातव्या वर्षी पहिल्यांदा विते, पुढचं पिल्लू जवळपास तीन वर्षांनी, तेही एकच. इतक्या सावकाश वाढणारी टोळी एका रस्त्याने किंवा एका चहामळ्याने तुटली की सावरत नाही. हे केरळने एकदा ओळखलं होतं. सायलेंट व्हॅलीचं धरण रद्द झालं त्या लढ्याचा चेहरा हेच माकड होतं, आणि 1984 मध्ये ते खोरं राष्ट्रीय उद्यान झालं. आज कर्नाटकात शरावती खोऱ्यातल्या, याच माकडाच्या नावाच्या अभयारण्यात 2000 मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प (पाणी वर चढवून साठवायचं आणि लागेल तेव्हा खाली सोडून वीज करायची) प्रस्तावित आहे. मराठी चर्चेत त्याचा उल्लेख औषधालाही सापडत नाही. पेंग्विनांचे आकडे मात्र सगळ्यांना पाठ.

तमिळनाडूत वालपराईच्या चहा-कॉफीच्या मळ्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर ही माकडं गाड्यांखाली येतात. तिथे दोन्ही बाजूंच्या झाडांना जोडणारे पूल उंचावर बांधले आहेत. त्यासाठी वापरला आहे तोच अग्निशमनाचा होजपाइप, जो जर्मनीतल्या पिंजऱ्यात झोक्यासारखा टांगलेला असतो.