नदीकाठचं रान दहा फूट खणा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

काल दाजींनी फॅमिली ग्रुपवर तो मेसेज टाकला आणि खाली विचारलं, "हे खरं असेल तर आपलं नदीकडचं रान वीटभट्टीला देऊन टाकू का?" म्हणून हे लिहितोय, नाहीतर असल्या फॉरवर्डला उत्तर द्यायला कुणाला वेळ आहे. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी, मेसेज थोडक्यात असा: कृष्णाकाठच्या मळीच्या (पुराच्या गाळाच्या) रानातली माती आठ-दहा फूट काढली तरी पुरात परत भरून येते, खड्ड्यात पुराचं पाणी मावल्यामुळं गावाचा पूर कमी होतो, विहिरींचं पाणी वाढतं, आणि स्वतःच्या रानातली माती काढायला परवानगी लागत नाही. खाली पाच नमस्कार आणि "जास्तीत जास्त शेअर करा".

आधी पुराचं घेतो, कारण ते वाचून डोकंच फिरलं. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. दहा फूट खणलं की ४,३५,६०० घनफूट खड्डा, म्हणजे ४,३५६ ब्रास माती (ब्रास म्हणजे शंभर घनफूट), हा आकडा खाली परत लागणार आहे. मोठ्या पुरात कृष्णेतून लाखाच्या पुढं क्युसेक पाणी जातं. लाखच धरा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. तुमचा खड्डा साडेचार सेकंदाच्या आत फुल्ल! अख्ख्या शिवारात शंभर एकर खणलं तरी सव्वासात मिनिटं. आणि तेही खड्डा कोरडा असेल तर. मोठा पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये, तोवर पावसाच्या आणि झिरपलेल्या पाण्यानं तो बराचसा भरलेला असू शकतो. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. ते काय खड्डे कमी पडले म्हणून?

आता माती परत येण्याचं. यात अर्धं खरं आहे, कबूल करतो, पूर ओसरल्यावर उसाच्या सरीत गाळ बसतो आणि आपल्या काठाला पोयटा (गाळाची सुपीक माती) आहे तो असाच शेकडो वर्षांच्या पुरांनी आणून टाकलेला. पण किती बसतो ते बघा ना. चांगला हात सैल सोडून दर मोठ्या पुराला एक सेंटीमीटर धरला तरी दहा फूट भरायला तीनशेच्या वर पूर लागतील, आणि २००५, २०१९, २०२१ असले पूर काय दरवर्षी येत नाहीत (येऊही नयेत). शिवाय वर कोयनेसारखं धरण झाल्यापासून बराचसा गाळ तिथंच अडकतो. कितीतरी जणांची तर पुरात उलट माती खरवडून गेली. कुणी म्हणेल खड्ड्यात पाणी थांबतं म्हणून गाळ जास्त बसेल. बसेल की, पण तो थांबलेल्या पाण्यात बसलेला चोपडा चिखल, वाळला की दगड. त्यात ना हवा खेळते ना पाणी मुरतं.

खणलेल्या रानाच्या कडेला उभं राहून कधी कापलेली भिंत बघा. वर दीड-दोन फूट तपकिरी पोयटा, मुळ्या आणि गांडुळाची भोकं असलेला, सेंद्रिय कर्ब काय असेल तो इथंच. त्याच्याखाली काळी चिकण, तीन-चार फुटांवरचं ढेकूळ फोडलं की आतली बाजू तुपट चकचकते, कारण ही माती भिजून फुगते, वाळून आकसते आणि आपल्याच अंगावर घासत सरकते. मग चुनखडीचे पांढरे खडे, लिंबू पिळलं तर फसफसतात. खाली कुठं वाळू, कुठं मुरूम. ठेकेदार नेतो तो वरचा भाग, वीट त्याचीच चांगली होते. तुमच्याकडं उरते ती चिकण आणि चुनखडी, खोल गेलं तसा सोडियम वाढत गेलेला असतो आणि पाणी तुंबलं की तिथं चोपण (सोडियमनं घट्ट, नापीक झालेली जमीन) व्हायला वेळ लागत नाही. वाळवा, मिरज, शिरोळकडची खारपड रानं बघितलेल्या माणसाला हे सांगायला लागू नये खरंतर.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे फक्त आपल्या रानापुरतं राहत नाही. पूर झपाट्यानं उतरतो तेव्हा काळ्या मातीची उभी भिंत आतून भिजून जड झालेली असते, बाहेरच्या पाण्याचा टेकू गेला की बांधासकट खाली बसते. म्हणजे पैसे घेतले दाजींनी आणि ऊस गेला शेजारच्या काकांचा. खड्डा आणि नदी यांच्यात चिंचोळी पट्टी उरली असेल तर पुढच्या पुरात नदी ती फोडून खड्ड्यातूनच वाट काढते. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये क्लॅकमस नदीनं १९९६ च्या पुरात काठच्या खडीच्या खाणीतून असाच नवा रस्ता काढला होता.

विहिरीचं दोन वाक्यात. नदीकाठी खोल खणलं की जे पाणी लागतं ते नवीन नसतं, तुमच्याच विहिरीचं असतं, आता फक्त उघड्यावर आलं आणि एप्रिल-मेच्या उन्हात उडून जाणार. वरून नदीचं सांडपाणी गाळणारी माती आपणच काढून दिली ते वेगळं.

परवानगीचं मात्र नीट वाचा. विटांची माती गौण खनिजात (वाळू, मुरूम असल्या खनिजांत) येते. सुप्रीम कोर्टानं २७ फेब्रुवारी २०१२ ला दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या केसमध्ये सांगितलं की पाच हेक्टरच्या आतला गौण खनिजाचा खाणपट्टा असला तरी पर्यावरण मंजुरी लागेल, आणि नदीपात्रातून किंवा पात्राजवळून उपसा केला की तळाची पातळी, पाण्याचा वेग, गढूळपणा, गाळाची वाहतूक सगळं बिघडतं हेही त्याच निकालात आहे. रस्ते-रेल्वेच्या कामाला मातीसाठी २०२० मध्ये केंद्रानं या मंजुरीतून दिलेली सरसकट सूट पण कोर्टानं मार्च २०२४ मध्ये रद्द केली. शेतकऱ्याला सूट आहे ती केंद्राच्या २०१६ च्या यादीतली, त्यात पुरानंतर शेतात साठलेली वाळू शेतकऱ्यानं काढणं वगैरे येतं, बहुतेक तिथूनच कुणीतरी हे पिल्लू सोडलंय. पुरानं आणून टाकलेली वाळू वेगळी आणि दहा फूट खणून भट्टीला विकणं वेगळं. विनापरवाना सापडलं तर महसूल अधिनियमाच्या कलम ४८(७) प्रमाणं बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. ४,३५६ ब्रासवर पाचपट करून बघा. आणि ठेकेदार गायब झाला की तलाठी सातबारा उघडतो, त्यावर नाव तुमचं.

तेव्हा दाजी, त्या माणसाला एवढं विचारा: परवाना कुणाच्या नावावर, त्यात खोली किती लिहिलीय, नदीपासून आणि शेजारच्या बांधापासून किती फूट सोडणार. तोंडी नको, कागद मागा, आणि सही करायच्या आधी त्याचा फोटो मला टाका.